काउंटीचा तुरुंग आणि अवैतनिक मॅजिस्ट्रेट : जॉर्जकालीन इंग्लंडमधील स्थानिक कारागृह-व्यवस्था (१७१४–१८३०)

(१)

अठराव्या शतकातील इंग्लंडचा राज्यकारभार म्हटला म्हणजे पार्लमेंट, मंत्रिमंडळ व राजदरबार ही डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु त्या काळातील सामान्य माणसाचा राज्यसत्तेशी संबंध येई तो लंडनमध्ये नव्हे. तो येई आपल्याच काउंटीतील एखाद्या जमीनदाराच्या बैठकीच्या खोलीत. रस्ते व पूल, दरिद्री लोकांस द्यावयाचे साहाय्य, मद्यगृहांचे परवाने, भटक्यांचा बंदोबस्त, किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा आणि तुरुंग ह्या सर्व बाबी 'जस्टिस ऑफ द पीस' ह्या पदावरील मॅजिस्ट्रेटांकडे असत. त्यांची नेमणूक राजाच्या नावाने होई. त्यांस वेतन नसे. आणि १७३२ च्या कायद्यान्वये जमिनीपासून वार्षिक १०० पौंड उत्पन्न असल्याशिवाय कोणास हे पद मिळत नसे. मुंबईच्या इतिहासाच्या अभ्यासकांस 'जे. पी.' ही अक्षरे परिचित आहेत. १८३२ च्या कायद्याने हे पद हिंदी लोकांस खुले झाल्यानंतर जगन्नाथ शंकरशेट प्रभृती नागरिकांची त्यावर नेमणूक झाली. ह्या पदाचे मूळ इंग्लंडच्या ग्रामीण काउंट्यांत आहे व तेथील त्याचे स्वरूप मुंबईतल्यापेक्षा पुष्कळच व्यापक होते.

पहिला जॉर्ज १७१४ मध्ये गादीवर आला व चौथा जॉर्ज १८३० मध्ये मरण पावला. ह्या काळात काउंटीच्या तुरुंगाचा कारभार मुळापासून बदलला. हा बदल सामान्यतः इमारतींच्या रूपाने वर्णिला जातो : पडक्या किल्ल्यातील अंधारकोठड्या गेल्या व त्यांच्या जागी हवेशीर, स्वतंत्र कोठड्यांची नवी कारागृहे आली. हे वर्णन खोटे नाही, पण अपुरे आहे. भिंतींपेक्षा महत्त्वाचा बदल झाला तो तुरुंग सांभाळणाऱ्या माणसाच्या स्थानात. शतकाच्या आरंभी जेलर हा कैद्यांकडून फी घेऊन उपजीविका करणारा एक धंदेवाईक होता; शतकाच्या अखेरीस, निदान काही काउंट्यांत, तो पगारी व लेखी हिशेब देणारा सेवक झाला. हे परिवर्तन मॅजिस्ट्रेटांनी कसे घडवून आणले आणि त्यांची देखरेख कोठे अपुरी पडली, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

(२)

आरंभी शब्दांचा थोडा विचार करणे अवश्य आहे, कारण त्या शब्दांमागे कायद्यातील भेद दडलेले आहेत. मराठीत आपण 'जेल' म्हणून जो शब्द घेतला, त्याचे इंग्रजीत दोन प्रकारे लेखन होत आले. एक रूप नॉर्मन फ्रेंचमधून आले व दुसरे पॅरिसच्या बाजूच्या फ्रेंचमधून. दोहोंचे मूळ 'लहान पिंजरा' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. काउंटीच्या जेलचा मूळ उद्देशही ह्या अर्थाशी जुळणारा होता. शिक्षा भोगण्याचे ते स्थान नव्हते. गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला न्यायाधीश येईपर्यंत आणि ऋणकोला त्याचे कर्ज फिटेपर्यंत कोंडून ठेवणे, एवढेच त्याचे काम. गुन्हा शाबीत झाला म्हणजे फाशी, फटके अथवा अमेरिकेतील वसाहतींत हद्दपारी ह्या शिक्षा तुरुंगाबाहेर दिल्या जात.

'ब्राइडवेल' हा दुसरा प्रकार. लंडनमधील ब्राइडवेल नावाचा राजवाडा सहाव्या एडवर्डने १५५३ मध्ये शहराला दिला. तेथे भटक्या व उनाड लोकांस कामाला लावण्याची सोय झाली आणि त्या वास्तूचे नाव पुढे अशा सर्व संस्थांना मिळाले. कायद्याच्या भाषेत त्यांस 'सुधारगृह' म्हणत. १५७६ व १६१० च्या कायद्यांनी ती प्रत्येक काउंटीत स्थापण्याची जबाबदारी मॅजिस्ट्रेटांवर टाकली. १७२० च्या सुमारास कायद्याने किरकोळ अपराध्यांस जेलमध्ये अथवा सुधारगृहात, कोठेही पाठविण्याची मुभा दिली. तेव्हापासून ह्या दोन संस्थांतील भेद व्यवहारात पुसट होऊ लागला.

कायद्यात मात्र तो स्पष्ट होता. सुधारगृह मॅजिस्ट्रेटांचे, जेल राजाचे. राजाच्या वतीने जेलचा ताबा शेरिफकडे असे. शेरिफची नेमणूक दर वर्षी नव्याने होई. त्यामुळे तुरुंगात लक्ष घालण्यास त्याला ना वेळ असे ना उत्साह. जेलरची नेमणूक तो करी व त्याच्याकडून जामीन घेऊन मोकळा होई. हा जामीन घेण्याचे कारणही व्यावहारिक होते. एखादा ऋणको कैदी पळून गेला, तर त्याच्या कर्जाची भरपाई शेरिफला करावी लागे. सारांश, शेरिफला काळजी असे ती कैदी पळणार नाही एवढीच. तो कसा जगतो, ह्याची नव्हे.

ह्या रचनेत मॅजिस्ट्रेटांचा प्रवेश झाला तो पैशाच्या दाराने. जेलची इमारत बांधणे व दुरुस्त करणे ह्यांसाठी काउंटीवर कर बसविण्याचा अधिकार १६९८ च्या कायद्याने त्यांस मिळाला. परंतु त्याला एक अट होती. असाइझ न्यायसत्राच्या वेळी जमणाऱ्या ग्रँड जुरीने तुरुंग अपुरा वा नादुरुस्त असल्याचे लेखी निवेदन केल्याशिवाय त्यांस खर्च करता येत नसे. १७३९ मध्ये निरनिराळे किरकोळ कर एकत्र करून काउंटीचा एकच कर ठरविण्यात आला व तो जमा करण्यासाठी खजिनदार नेमण्याची तरतूद झाली. तुरुंगसुधारणेच्या इतिहासात ह्या कोरड्या हिशेबी कायद्याचे महत्त्व मोठे आहे, कारण पगार देण्यासाठी तिजोरी लागते आणि ती प्रथम ह्या कायद्याने उपलब्ध झाली.

(३)

जेलरला पगार नव्हता, ही गोष्ट त्या काळी कोणासही विलक्षण वाटत नसे. न्यायालयातील कारकुनापासून अनेक अधिकाऱ्यांचे उत्पन्न फीवरच अवलंबून असे. कैदी आत येताना फी, बाहेर जाताना फी, बिछान्याचे भाडे, बेड्या हलक्या करून घेण्याचे पैसे, आणि जेलरच्याच गुत्त्यातून विकली जाणारी बिअर : ह्या सर्वांतून जेलरचा संसार चाले. नव्या कैद्याकडून जुने कैदी 'गार्निश' नावाची रक्कम उकळीत. ज्याच्याजवळ पैसे नसत त्याला अंगावरचे कपडे उतरवून द्यावे लागत. गंभीर गुन्ह्याच्या कैद्यांना काउंटीकडून थोडीशी भाकरी मिळे. ऋणको कैद्याला पुष्कळ ठिकाणी तीही मिळत नसे. १७५९ च्या कायद्याने त्याला धनकोकडून रोज ४ पेन्स मिळण्याची तरतूद केली, पण ती रक्कम प्रत्यक्षात मिळविण्यासाठी लागणारा खर्च अनेकांच्या आटोक्याबाहेरचा होता.

जॉन हॉवर्ड १७७३ मध्ये बेडफर्डशरचा शेरिफ झाला. हे पद बहुतेक लोक एक वर्षाचा मान म्हणून भूषवीत. हॉवर्डने स्वतः तुरुंगात जाऊन पाहिले. तेथे त्याला जी गोष्ट सर्वाधिक खटकली ती कोठड्यांची घाण नव्हती. ज्यांस जुरीने निर्दोष ठरविले होते, ज्यांच्यावर खटला चालविण्याइतका पुरावा ग्रँड जुरीला आढळला नव्हता, किंवा ज्यांचे फिर्यादीच हजर झाले नव्हते, अशा माणसांनाही पुन्हा तुरुंगात नेऊन जेलरची व न्यायालयीन कारकुनाची फी भरेपर्यंत कोंडून ठेवण्यात येत होते. बहुतेक काउंट्यांत असाइझ न्यायाधीश वर्षातून दोनदा येत व उत्तरेकडील काही काउंट्यांत एकदाच. तेव्हा निर्दोष माणसाचे कित्येक महिने आधीच तुरुंगात गेलेले असत. आणि सुटका झाल्यावरही दार उघडत नसे, कारण दाराची किंमत त्याच्याजवळ नसे.

फीच्या ऐवजी जेलरला काउंटीने पगार द्यावा, अशी विनंती हॉवर्डने बेडफर्डच्या मॅजिस्ट्रेटांस केली. त्यांस अन्याय दिसत होता व तो दूर करण्याची त्यांची इच्छाही होती. परंतु असा खर्च काउंटीवर टाकण्यास पूर्वीचा दाखला हवा, असे त्यांचे म्हणणे पडले. तो दाखला शोधण्यासाठी हॉवर्ड घोड्यावर बसून शेजारच्या काउंट्यांत गेला. दाखला मिळाला नाही. तोच अन्याय मात्र सर्वत्र आढळला. ह्या शोधातूनच पुढे देशभरच्या तुरुंगांची त्याची पाहणी व १७७७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ निर्माण झाला. १७७६ मध्ये त्याने केलेल्या मोजणीत इंग्लंड व वेल्समध्ये ४,०८४ कैदी आढळले. त्यांपैकी २,४३७ ऋणको होते, ९९४ गंभीर गुन्ह्यांचे व ६५३ किरकोळ अपराधांचे. म्हणजे निम्म्याहून अधिक कैदी कोणत्याही गुन्ह्यासाठी नव्हे, तर कर्जासाठी आत होते.

मॅजिस्ट्रेटांची दाखल्याची मागणी आज हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. परंतु तिचा अर्थ समजून घेतला पाहिजे. हे मॅजिस्ट्रेट लोकांनी निवडून दिलेले नव्हते, आणि कर देणारे मात्र काउंटीतील सर्व शेतकरी व घरमालक होते. कायद्याने स्पष्ट न सांगितलेला खर्च केल्यास त्यांना जाब विचारला जाण्याची भीती होती. त्यांच्या सावधपणात कृपणता होती, तशीच अधिकाराच्या मर्यादेची जाणीवही होती.

(४)

ही कोंडी फुटण्यास दोन कारणे घडली. पहिले कारण भीतीचे. कोंदट तुरुंगात उद्भवणाऱ्या तापास 'तुरुंगज्वर' म्हणत; आज तो उवांमुळे पसरणारा टायफस होता हे ज्ञात आहे. हा ज्वर कैद्यांपुरता राही तोवर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. परंतु १७३० मध्ये सॉमरसेटमधील इल्चेस्टरच्या तुरुंगातून टाँटनच्या असाइझपुढे आणलेल्या कैद्यांमुळे मुख्य न्यायाधीश पेंगेली, शेरिफ व अनेक नागरिक मृत्युमुखी पडले. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत तोच प्रकार घडून लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश व इतर बरेच लोक दगावले. कैद्याची कोठडी व न्यायाधीशाचे आसन ह्यांमधील अंतर हवेला मान्य नव्हते, हे ह्या प्रसंगांनी उच्च वर्गाच्या प्रत्ययास आले.

१७७४ मध्ये पोपम नावाच्या सभासदाच्या पुढाकाराने पार्लमेंटने दोन कायदे केले. पहिल्याने निर्दोष सुटलेल्या कैद्यास भर न्यायालयात तत्काळ मुक्त करावे व त्याच्या फीबद्दल जेलरला काउंटीच्या तिजोरीतून जास्तीत जास्त १३ शिलिंग ४ पेन्स द्यावेत, असे ठरविले. बेडफर्डमध्ये जो दाखला मिळत नव्हता, तो आता कायद्यानेच पुरविला. दुसऱ्या कायद्याने भिंतींस वर्षातून किमान एकदा चुन्याची सफेदी देणे, खोल्या धुऊन हवेशीर ठेवणे, आजारी स्त्रीपुरुषांसाठी निरनिराळ्या खोल्या राखणे, स्नानाची सोय करणे व वैद्य नेमून त्याच्याकडून प्रत्येक त्रैमासिक सत्रात अहवाल घेणे ही कामे मॅजिस्ट्रेटांवर सोपविली. तत्पूर्वी १७७३ मध्ये धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकारही त्यांस मिळालेला होता.

दुसरे कारण राजकीय होते. अमेरिकेतील वसाहतींचे बंड सुरू झाल्याबरोबर हद्दपारीचा मार्ग बंद झाला. ऑस्ट्रेलियाकडे कैद्यांचा पहिला तांडा १७८७ मध्ये निघाला. मधल्या बारा वर्षांत जहाजांच्या सांगाड्यांत व काउंट्यांच्या तुरुंगांत कैदी साठत गेले. ज्या पिंजऱ्यात आरोपीला तात्पुरते ठेवावयाचे, तेथेच शिक्षा भोगणाऱ्यांस वर्षानुवर्षे राहणे भाग पडले. ब्लॅकस्टोन, ईडन व हॉवर्ड ह्यांच्या प्रयत्नाने १७७९ मध्ये झालेल्या कायद्यात एकांतवास, श्रम व धर्मोपदेश ह्यांवर आधारलेल्या 'पेनिटेन्शरी'ची, म्हणजे पश्चात्तापगृहाची, कल्पना मांडली गेली. ह्या कायद्यात नियोजित केलेली राष्ट्रीय कारागृहे त्या वेळी बांधली गेली नाहीत. ती कल्पना प्रत्यक्षात आली ती काही काउंट्यांतील मॅजिस्ट्रेटांच्या हातून. ससेक्समध्ये रिचमंडच्या ड्यूकच्या प्रेरणेने हॉर्शमचा तुरुंग, नॉरफोकमध्ये सर टॉमस बीव्हर ह्याच्या खटपटीने विमंडमचे सुधारगृह व ग्लॉस्टरशरमधील पाच कारागृहे ही त्याची ठळक उदाहरणे होत.

(५)

ह्यांपैकी ग्लॉस्टरचे उदाहरण सर्वांत पूर्ण आहे. तेथील काउंटीचा तुरुंग सेव्हर्न नदीकाठच्या जुन्या किल्ल्यात होता. हॉवर्डने केलेल्या वर्णनानुसार सर्व कैद्यांस मिळून एकच अंगण होते आणि गंभीर गुन्ह्यांच्या स्त्रीपुरुष कैद्यांस दिवसा बसण्यासाठी एकच खोली. फी न देऊ शकणाऱ्या ऋणकोंच्या दालनास खिडकीच नव्हती. उजेड व हवा यावी म्हणून भिंतीचा काही भाग फोडलेला होता. पुरुषांच्या रात्रीच्या खोलीतील जमीन इतकी मोडकळलेली होती की ती धुणेही शक्य नव्हते.

सर जॉर्ज ओनेसिफोरस पॉल हा लोकरी कापडाच्या व्यापारात संपन्न झालेल्या घराण्यातील पुरुष १७८० मध्ये ग्लॉस्टरशरचा शेरिफ झाला. १७८३ च्या उन्हाळी असाइझच्या वेळी तो ग्रँड जुरीचा प्रमुख होता. तुरुंगज्वर व तुरुंगाची दुर्दशा ह्यांसंबंधी त्याने त्या वेळी केलेले प्रतिपादन ही केवळ वक्तृत्वाची बाब नव्हती. वर सांगितल्याप्रमाणे ग्रँड जुरीच्या निवेदनाशिवाय मॅजिस्ट्रेटांस खर्च करता येत नसे. तेव्हा ज्या जागेवरून बोलल्याने तिजोरी उघडते, नेमक्या त्या जागेवरून पॉल बोलला. पुढील वर्षी त्याने आपले विचार पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. १७८४ मध्येच पार्लमेंटने सर्व काउंट्यांस तुरुंग नव्याने बांधण्याचा व त्यासाठी कराच्या तारणावर कर्ज काढण्याचा अधिकार दिला, कैद्यांचे वर्गीकरण करण्यास सांगितले आणि जेलरने मद्य विकण्यास बंदी घातली. १७८५ मध्ये ग्लॉस्टरशरने आपल्यापुरता स्वतंत्र कायदा मंजूर करवून घेतला.

वास्तुकार विल्यम ब्लॅकबर्न ह्याने आराखडे तयार केले. इमारत पुरी होण्यापूर्वीच, १७९० मध्ये, तो मरण पावला. १७९१ मध्ये जुन्या किल्ल्याच्या जागी नवे कारागृह सुरू झाले. त्याच एका आवारात जेल, सुधारगृह व पेनिटेन्शरी असे तीन विभाग होते; शिवाय हॉर्सली, लिटलडीन, नॉर्थलीच व ब्रिस्टलच्या वेशीबाहेरील लॉफर्ड्स गेट येथे चार लहान सुधारगृहे बांधण्यात आली. कायद्यातील तीन निरनिराळे शब्द येथे तीन निरनिराळ्या भिंतींनी व्यक्त झाले. परंतु त्या सर्वांवर देखरेख एकाच मंडळाची, म्हणजे मॅजिस्ट्रेटांची, राहिली. शेरिफचा कायदेशीर ताबा नावापुरता उरला.

पॉलने सिद्ध केलेल्या नियमावलीत ह्या व्यवस्थेचे मर्म आढळते. कैद्याने आत येताच स्नान करावे, त्याचे कपडे धुरी देऊन ठेवून द्यावेत व त्याला काउंटीचे कपडे द्यावेत, गार्निश बंद, फी बंद, जेलरला ठराविक पगार. आणि कारभाऱ्याचे नावही बदलले. १७७९ च्या कायद्यात पेनिटेन्शरीच्या प्रमुखास जी संज्ञा वापरली होती तीच ग्लॉस्टरमध्ये रूढ झाली व 'जेलर' जाऊन 'गव्हर्नर' आला. हा केवळ मोठेपणाचा शब्द नव्हता. जेलर म्हणजे जेलवर जगणारा. गव्हर्नर म्हणजे नियमानुसार शासन करणारा, व म्हणून नियमाला बांधलेला.

(६)

हे बंधन प्रत्यक्षात पाळले जाई ते कागदाच्या द्वारे. गव्हर्नर, धर्मोपदेशक व वैद्य ह्या तिघांनीही आपापली रोजनिशी ठेवावी असा ग्लॉस्टरचा नियम होता. कोणाला शिक्षा झाली, कोण आजारी पडला, कोणास वेगळे ठेवले, ह्यांची नोंद तीत होई. मॅजिस्ट्रेटांपैकी काहींस 'भेट देणारे' म्हणून नेमण्याची पद्धत १७९१ च्या कायद्याने सर्व काउंट्यांत लागू झाली. त्यांनी दर तिमाहीत किमान तीनदा तुरुंगात जावे व काय पाहिले ते त्रैमासिक सत्रास लेखी कळवावे, असे ठरले.

वर्षातून चार वेळा, एपिफनी, ईस्टर, उन्हाळा व मायकेलमस ह्या सुमारास, काउंटीचे मॅजिस्ट्रेट सत्रासाठी एकत्र येत. खटले संपल्यावर कारभाराचे काम निघे. सत्राचा चिटणीस मागील ठराव वाचून दाखवी. खजिनदार हिशेब मांडी. वैद्य व भेट देणारे मॅजिस्ट्रेट ह्यांचे अहवाल सादर होत. भाकरीचा दर, कोळसा, कपडे, छपराची दुरुस्ती, पहारेकऱ्यांचा पगार ह्यांवर निर्णय होत. ज्यांची नावे मॅजिस्ट्रेटांच्या सनदेत होती त्यांपैकी पुष्कळ जण शपथ घेऊन काम करण्याच्या भानगडीत पडतच नसत. प्रत्यक्ष कारभार मूठभर उत्साही सद्‌गृहस्थांच्या हाती राही. त्यामुळे ग्लॉस्टरसारख्या ठिकाणी, जेथे पॉलसारखा पुरुष तीन दशकांहून अधिक काळ चिकाटीने लक्ष घालीत होता, तेथे यंत्र सुरळीत चाले. जेथे असा पुरुष नव्हता तेथे तोच कायदा कपाटात राही. १८१२ मध्ये जेम्स नील्ड ह्याने देशभरच्या तुरुंगांचा जो मोठा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात ही विषमता पानोपानी दिसून येते.

ह्या व्यवस्थेचा लाभ निःसंशय मोठा होता. परंतु तिची दुसरी बाजू एका कैद्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. ऑक्टोबर १७९५ मध्ये तिसरा जॉर्ज पार्लमेंटच्या उद्‌घाटनास जात असता लंडनच्या गर्दीत त्याच्याविरुद्ध ओरडल्याबद्दल किड वेक नावाच्या एका कारागिरास पकडण्यात आले. १७९६ मध्ये त्याला पाच वर्षे सक्तमजुरीची शिक्षा होऊन ग्लॉस्टरच्या पेनिटेन्शरीत पाठविण्यात आले. तेथे बेड्यांचे पैसे नव्हते, गार्निश नव्हता, ज्वरही नव्हता. तरीही १८०१ मध्ये त्याच्या बंदिवासाची जी हकीकत छापून प्रसिद्ध झाली, ती यातनांची म्हणूनच लिहिली गेली. जुन्या तुरुंगात कैद्याचा छळ अव्यवस्थेने होई. नव्यात तो व्यवस्थेने होऊ शकत होता. एकांतवासाने मनुष्य सुधारतो हा पॉलप्रभृतींचा प्रामाणिक विश्वास होता. पण त्या एकांताचा भार किती, हे मोजण्याचा कोणताही रकाना रोजनिशीत नव्हता.

(७)

मॅजिस्ट्रेटांच्या देखरेखीची खरी कसोटी लागली ती तक्रारीच्या प्रसंगी. मिडलसेक्स काउंटीचे कोल्डबाथ फील्ड्स येथील सुधारगृह १७९४ मध्ये सुरू झाले. राजकीय आरोपाखाली तेथे ठेवलेल्या कैद्यांच्या हालांचा प्रश्न सर फ्रान्सिस बर्डेट ह्याने १७९८ पासून पार्लमेंटमध्ये लावून धरला. तेथील मॅजिस्ट्रेटांनी प्रथम आपल्या गव्हर्नरची, टॉमस एरिस ह्याची, पाठराखण केली. ज्या गव्हर्नरला आपण नेमले व ज्याच्या नोंदी आपण तपासल्या, त्याच्याविरुद्ध निर्णय देणे म्हणजे स्वतःच्याच देखरेखीस दोष देणे होते.

ह्याहूनही बोधप्रद आहे ते इल्चेस्टरचे प्रकरण. ज्या तुरुंगातून १७३० मध्ये टाँटनला ज्वर गेला, तेथे पुढे सुधारणा झाल्या. टॉमस फॉवेल बक्स्टन ह्याने १८१८ च्या आपल्या ग्रंथात तेथील उद्योगव्यवस्थेचे अनुकूल वर्णन केले होते. पीटरलूच्या सभेमुळे शिक्षा झालेला हेन्री हंट १८२० मध्ये ह्याच तुरुंगात आला. हंट लिहू शकत होता, छापू शकत होता व त्याचे म्हणणे ऐकणारे लोक बाहेर होते. त्याने १८२१ मध्ये जेलर विल्यम ब्राइडल ह्याच्या कारभारावर आरोपांची मालिकाच प्रसिद्ध केली. त्यांत एका कैद्याच्या डोक्यावर फोड आणणारा लेप शिक्षा म्हणून लावल्याचाही आरोप होता. चौकशी झाली, प्रकरण पार्लमेंटपुढे गेले व ब्राइडलला पद गमवावे लागले. अनेक वर्षे मॅजिस्ट्रेट त्या तुरुंगाला भेट देत होते, अहवाल लिहीत होते आणि एक विख्यात सुधारकही तेथून समाधानाने परतला होता. जे त्या सर्वांच्या दृष्टीस पडले नाही ते एका कैद्याने दाखविले. आणि तेही तो प्रसिद्ध पुरुष होता म्हणून शक्य झाले.

ह्या सुमारास परिस्थितीही पालटली होती. १८१५ मध्ये फी घेण्याची पद्धत कायद्याने सर्वत्र रद्द झाली. ग्लॉस्टरने जे चोवीस वर्षांपूर्वी केले ते आता सर्व देशाचे झाले. परंतु त्याच वर्षी फ्रान्सशी चाललेले युद्ध संपले व बेकारी, दारिद्र्य आणि शिक्षांची संख्या ही एकदम वाढली. एकेका माणसासाठी बांधलेल्या कोठड्यांत अधिक माणसे ठेवण्याची वेळ आली व एकांतवासाची सर्व रचना ढासळू लागली. १८२३ मध्ये पील ह्याने जुने कायदे एकत्र करून नवा कायदा केला. तो काउंट्या, लंडन, वेस्टमिन्स्टर व १७ शहरे ह्यांस लागू होता. कैद्यांचे वर्गीकरण, स्त्री कैद्यांवर स्त्री पहारेकरी व गृहमंत्र्यास नियमित अहवाल ही त्याची प्रमुख अंगे. परंतु अहवाल लिहिणारे पुन्हा मॅजिस्ट्रेटच होते. तो खरा आहे की नाही हे जाऊन पाहणारा कोणी नव्हता. सरकारी तपासनीस १८३५ च्या कायद्याने आले, म्हणजे जॉर्जकाल संपल्यानंतर. आणि काउंट्यांच्या हातून तुरुंग पूर्णपणे काढून ते मध्यवर्ती सरकारकडे देण्याचा कायदा १८७७ मध्ये झाला.

(८)

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, जॉर्जकालीन तुरुंगसुधारणेचे श्रेय केवळ हॉवर्डसारख्या एकट्या परोपकारी पुरुषास अथवा पार्लमेंटच्या कायद्यांस देता येत नाही. १७७४, १७८४ व १७९१ चे कायदे पुष्कळ अंशी अधिकार देणारे होते. अधिकार वापरावयाचा की नाही हे काउंटीतील सत्रात ठरे. कर बसवून जेलरला पगार देणे ही गोष्ट दिसण्यात क्षुल्लक आहे. परंतु तिच्यामुळेच निर्दोष सुटलेला माणूस न्यायालयातून थेट घरी जाऊ शकला. वेतन न घेणाऱ्या मॅजिस्ट्रेटांनी वेतनाचे तत्त्व तुरुंगात आणले, हा ह्या इतिहासातील एक लक्षणीय विरोधाभास आहे.

दुसरा निष्कर्ष संशोधकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ह्या कालखंडाचा अभ्यास ज्या साधनांवर आधारलेला आहे ती त्रैमासिक सत्रांची इतिवृत्ते, खजिनदाराचे हिशेब व गव्हर्नरच्या रोजनिशा ही सर्व त्याच सुधारणेची अपत्ये आहेत. जुन्या जेलरने कोणास हिशेब दिला नाही, म्हणून त्याच्या तुरुंगासंबंधी आपणांस माहिती मिळते ती मुख्यतः हॉवर्डसारख्या बाहेरून आलेल्या माणसाकडून. नव्या गव्हर्नरने सर्व काही लिहून ठेवले, म्हणून आपण त्याच्या लेखणीवर विसंबतो. परंतु इल्चेस्टरच्या मॅजिस्ट्रेटांचे अहवालही नीटनेटके होते. किड वेकची छापील हकीकत व हंटचे आरोप एकांगी आहेत, त्यांत अतिशयोक्ती असेल, हे मान्य केले तरी ज्या एका बाजूस सत्राच्या दफ्तरात जागाच नव्हती ती बाजू त्यांत आहे. काउंटीच्या तुरुंगाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने दफ्तराबरोबर ही पत्रकेही समोर ठेवली पाहिजेत, आणि जेथे दोहोंत मेळ बसत नाही तेथून आपल्या शोधास आरंभ केला पाहिजे.